कच्चं काम दाखवा

यंदा नववीच्या वर्गाला इतिहासाच्या प्रकल्पासाठी एआय वापरायची परवानगी मी उघड उघड दिली. अट एकच घातली. गणिताच्या पेपरात उजव्या बाजूला जसं कच्चं काम करता, तसं याचंही कच्चं काम प्रकल्पाला जोडायचं. काय विचारलं, काय उत्तर आलं, त्यातलं काय ठेवलं, काय टाकलं आणि का. त्या अटीपायी सत्रभर काय काय झालं ते इथे मांडते आहे, कारण पालकसभेत आणि स्टाफरूममध्ये मला अजून दोनच प्रश्न विचारले जातात. "मुलांना कॉपी करायला तुम्हीच शिकवताय का?" हा पहिला. "नेमकं कसं केलंत, आम्हालाही करायचंय," हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपोआप दुसऱ्यात येतं, असा माझा अनुभव आहे.

आमची शाळा मराठी माध्यमाची, नाशिकच्या पंचवटीतली. वर्गात घाटावर फुलं-प्रसाद विकणाऱ्यांची मुलं आहेत, रिक्षावाल्यांची आहेत, सातपूर-अंबडला कंपनीत शिफ्टला जाणाऱ्यांची आहेत. घरात मोबाइल बहुधा एकच असतो. तो बाबांबरोबर दिवसभर बाहेर असतो आणि मुलांच्या हातात पडतो तो रात्रीची जेवणं उरकल्यावर. हे आधीच सांगते, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

नक्कल काही एआयने आणलेली नाही. गाईडमधून उतरवलेले प्रकल्प मी वर्षानुवर्षं तपासले आहेत. तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, नाव तेवढं घालायचं बाकी असतं. ताईची प्रयोगवही धाकट्या भावाकडे आणि तिथून त्याच्या मित्राकडे जाते, हे तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या नकलेत निदान उतरवण्याचे कष्ट असत. हात दुखेपर्यंत लिहिताना चार शब्द डोक्यात राहून जात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलेल्या प्रकल्पांत तेही उरलं नव्हतं. "समृद्ध सांस्कृतिक वारसा", "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की", "बहुआयामी योगदान". वहीमागून वही तीच वाक्यं. एका मुलाने रामकुंडावर लिहिलं होतं, "रामकुंड हे आध्यात्मिक आणि सांस्कृतिक एकात्मतेचे प्रतीक आहे." त्याचे वडील रामकुंडावर द्रोणातले दिवे विकतात. शाळा सुटल्यावर तो स्वतः गल्ल्यावर बसतो. कुठल्या तिथीला गर्दी होते, पाणी सोडलं की दुकान किती पायऱ्या वर न्यावं लागतं, हे त्याला पाठ आहे. यातलं एक अक्षर प्रकल्पात नव्हतं. मला राग नकलेचा आला नाही. या पोराकडे जे होतं ते त्याला लिहिण्याजोगं वाटलं नाही, याचं वाईट वाटलं.

स्टाफरूममध्ये दोन उपाय पुढे आले. सरसकट बंदी, किंवा एआयने लिहिलेलं पकडून देणारी एखादी साइट. बंदीचं काय होतं ते आपण मोबाइलच्या बंदीत पाहिलंय. पकडणाऱ्या साइटबद्दल मी थोडं वाचलं होतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३मध्ये असं एक ओळखयंत्र आणलं होतं. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याने बरोबर हेरला आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के यंत्राच्या नावावर टाकला. त्याच वर्षी जुलैत कंपनीने ते बंद केलं. कारण दिलं, अचूकता कमी. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयचे ठरवले होते. साधी वाक्यं, बेताचे शब्द, ठरावीक मांडणी, एवढाच काय तो गुन्हा. आमच्याकडे पुस्तकी मराठी जपून, चूक होऊ नये म्हणून तोलूनमापून लिहिणारी मुलं कमी नाहीत. घरची बोली वेगळी असलेली मुलं तर हमखास तशीच लिहितात. अशा साइटने सगळ्यात आधी त्यांनाच धरलं असतं. आणि खऱ्या नकलाकाराने दोन शब्द बदलून सुटका करून घेतली असती.

मग विचार केला, पकडायच्या मागे लागूच नये. उत्तर कुठून आलं ते मुलांनीच दाखवावं आणि त्याचेच गुण द्यावेत.

विषय मात्र मुद्दाम निवडला. "गोदावरीचे पूर आणि आमची गल्ली." नाशिककराला पुराबद्दल काही सांगायचं नाही असं होत नाही. इथे पूर मोजायची मापंही स्वतःची आहेत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गावात फोनाफोनी सुरू होते, गळ्याशी आलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नारोशंकराच्या देवळाची घंटा ही त्यापुढची मापं. १९६९चा पूर आजी-आजोबांच्या तोंडी आहे. २००८चा आणि २०१६चा आई-बाबांच्या मोबाइलमध्ये आहे, २०१९चा मुलांनी स्वतः पाहिलाय. एवढी माहिती घरोघरी पडून असताना ती यंत्राला पुरती ठाऊक असणं शक्य नाही, असा माझा हिशेब होता.

सुरुवात संगणक कक्षात केली. वर्गाचे दोन गट, दोन संगणक, एकच प्रश्न: नाशिकच्या गोदावरीला आलेले मोठे पूर सांगा. दोन्ही पडद्यांवर मोठ्या थाटात उत्तरं आली आणि एकमेकांशी जुळली नाहीत. एका उत्तरात १९६१ साली धरण फुटून नाशिकला महापूर आल्याचं ठामपणे लिहिलं होतं. मागच्या बाकावरच्या एकाने ते वहीत उतरवूनही घेतलं. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, गंगापूर धरण तर १९६५ला पूर्ण झालं असं भूगोलाच्या सरांनी सांगितलंय. मग १९६१ला फुटलं कोणतं?" फुटलं होतं ते पुण्याचं पानशेत, १२ जुलै १९६१, आणि पाणी मुठेला आलं होतं. हे यंत्र पुस्तक उघडून बघत नाही. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, ते जुळवत जातं. महाराष्ट्र, धरण, महापूर हे शब्द जवळ आले की पानशेत मागोमाग येणारच. ते नाशिकच्या नावावर खपलं. एवढं समजावायला एक तास गेला, पण नंतर "एआयने सांगितलं म्हणून" हे वाक्य वर्गात कुणी पुन्हा उच्चारलं नाही. ज्याने उतरवून घेतलं होतं त्याने ते वाक्य खोडलं नाही. त्याच्यासमोर "पुणे" असं लिहून ठेवलं. मला ते आवडलं.

नियम फळ्यावर मुलांबरोबरच ठरवले. कळत नसलेली गोष्ट समजावून घ्यायला एआय चालेल. मुलाखतीचे प्रश्न सुचवायला चालेल. इंग्रजी पानाचा अर्थ लावायला चालेल, पण मूळ पान शेजारी हवं. आपण लिहिलेलं दाखवून "यात काय राहिलंय?" असं विचारणंही चालेल. परिच्छेद लिहून घेणं चालणार नाही. न घेतलेली मुलाखत लिहून घेणं तर मुळीच नाही. एआयकडून आलेला मजकूर हिरव्या शाईने लिहायचा अशी सूचना मुलांची होती. मुख्याध्यापक सर त्या वेळी दारातून डोकावले आणि म्हणाले, "हिरवी शाई साहेबांची असते, पोरांना आत्तापासून नको." मग पेन्सिलने अधोरेखन करायचं ठरलं. तेही ठीकच. कच्चं काम पेन्सिलीनेच करतात.

वयाचाही मुद्दा होता. युनेस्कोने सप्टेंबर २०२३च्या मार्गदर्शिकेत वर्गात ही साधनं वापरण्यासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. चॅटजीपीटीच्या अटींतही किमान वय १३ आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची परवानगी असंच आहे. नववीची मुलं चौदा-पंधराची. म्हणून घरी चिठ्ठी पाठवली. खातं पालकांचं, वापर त्यांच्या माहितीत, आणि पटत नसेल तर तसं लिहून द्या, पाल्याचा एकही गुण जाणार नाही. काही पालकांनी नकार लिहून पाठवला. त्यांच्या मुलांनी कच्चं काम करायचं ते माणसांना विचारून, पुस्तकं बघून. रकाने तेच. "काय विचारलं, कुणाला, काय ठेवलं, काय टाकलं." यातल्याच एका मुलीने सरकारवाड्याजवळच्या दुकानदारांना विचारत विचारत पुराच्या खुणांचा नकाशा काढला. सगळ्या वर्गात तो सरस ठरला. एआयशिवायचं हे काम पाहून बाकीची मुलं जरा वरमली, हेही सांगून टाकते.

आता कच्चं काम कसं दिसतं ते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीत आकडा क्युसेकमध्ये येतो आणि घरातलं कुणी तो समजून घेत नाही. एका मुलाची नोंद अशी होती, शुद्धलेखन सोडून जशीच्या तशी देते:

"विचारलं: क्युसेक म्हणजे काय, नववीच्या मुलाला कळेल असं सांग. उत्तर: एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. पडताळा: एक फूट म्हणजे ३०.४८ सेंमी, त्याचा घन केला, २८,३१७ घनसेंमी आला, बरोबर. ठेवलं: आकडा. टाकलं: जलव्यवस्थापनाचे महत्त्व हा परिच्छेद, कारण मी तो विचारला नव्हता."

त्यापुढे त्याने स्वतःच्या डोक्याने एक ओळ वाढवली होती. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला. उन्हाळ्यात त्याच्या कॉलनीत टँकर येतो, म्हणून टँकर. यंत्राला हे सुचलं असतं की नाही कोण जाणे, पण त्याला सुचलं याचे मी गुण दिले.

दुसरी नोंद नारोशंकराच्या घंटेची. एआयने लिहून दिलं होतं की वसईच्या विजयाच्या स्मरणार्थ १७३९मध्ये ही घंटा ओतली. ऐकायला इतकं सरळ की कुणालाही खरं वाटावं, कारण वसई १७३९लाच जिंकली होती. दोन मुली गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, बघत होत्या. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिकचा, १८८३चा, तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतो. इंग्रजी जुनं, त्यामुळे पानाचा अर्थ लावायला त्यांनी एआयच घेतलं आणि मूळ पान शेजारी ठेवलं. त्यात घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं असल्याचं आहे. एकीने कच्च्या कामात लिहिलं, "१७२१ आधी, १७३९ नंतर. जिंकायच्या आधीच विजयाची घंटा कशी ओतली?" मग दोघी संध्याकाळी देवळाशी जाऊन आल्या. खालून आकडा काही नीट वाचता आला नाही. मोबाइल झूम करून पाहिलं आणि प्रकल्पात लिहिलं, "आम्हाला साल दिसलं नाही. गॅझेटियरवर विश्वास ठेवून लिहीत आहोत." वसईहून विजयाची खूण म्हणून आणलेली घंटा, ओतलेली मात्र आधीची, असं त्यांनी मांडलं. "आम्हाला दिसलं नाही" हे वाक्य मी आजवर तपासलेल्या शालेय प्रकल्पांत पहिल्यांदा वाचलं.

सगळंच असं गोड झालं नाही. एका मुलीने आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, ते टाइप केलं आणि "नीट करून दे" म्हणून एआयला दिलं. नोंद तिने प्रामाणिकपणे जोडली होती, म्हणूनच मला मूळ आणि नीट केलेलं असं दोन्ही वाचायला मिळालं. आजी म्हणाली होती, "एकोणसत्तरला मी नवी नवरी. गंगेला पूर आला म्हणून ओरडा झाला, सासूबाईंनी पितळी डबे माळ्यावर चढवले. हरभऱ्याची डाळ तेवढी खाली राहिली, ती भिजली. फेकायची कशी, दुसऱ्या दिवशी वाटून सगळ्या वाड्याला वडे घातले." यंत्राने केलं ते असं: "१९६९मध्ये उत्तर भारतातील गंगा नदीला आलेल्या महापुरात कुटुंबाने अनेक अडचणींवर धैर्याने मात केली." नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात हे त्याला कोण सांगणार! आजीला बसल्या जागी उत्तर भारतात नेऊन सोडलं, आणि डाळ, डबे, वडे, सासूबाई सगळं पुरात वाहून गेलं.

त्या दिवशी फळ्यावर एक नियम वाढला. माणसाचं बोलणं यंत्रात घालायचं नाही. स्वतः ऐकायचं, स्वतः लिहायचं, ती बोलली तसंच. यामागे दुसरंही कारण आहे. ज्याची मुलाखत घेतली त्याचा आवाज, नाव, पत्ता, फोटो असं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर परस्पर पाठवायचा आपल्याला काय अधिकार? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायलाही पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं म्हटलंय. मुलांना कायद्याचं कलम फारसं भिडलं नाही. "तुझ्या आजीचा आवाज अनोळखी माणसाला देशील का?" हे लगेच भिडलं.

आणि मग व्हायचं ते झालंच. एकाचं कच्चं कामच एआयने लिहिलेलं निघालं. संशय आला तो त्याच्या स्वच्छपणामुळे. सगळ्या नोंदींत "पडताळा केला, माहिती अचूक आढळली", आणि टाकलेलं काहीच नाही. कच्च्या कामात खाडाखोड नसेल तर ते कच्चं कसलं? प्रत्येकाची तोंडी घ्यायचं आधीच ठरलं होतं. त्याची पाळी आल्यावर मी विचारलं, "गॅझेटियरमध्ये पाहिलं असं लिहिलंयस, गॅझेटियर दिसतं कसं?" तो माझ्याकडे बघत राहिला. ओरडले नाही. नुसतं म्हटलं, "केव्हा केलंस हे?" तेव्हा सगळं बाहेर आलं. बाबांची सेकंड शिफ्ट, मोबाइल हातात आला रात्री अकरानंतर, आणि सकाळी प्रकल्प जमा करायचा होता. नोंदवहीचे गुण शून्य दिले, ते बदलले नाहीत. पण आठवड्याची मुदत दिली आणि संगणक कक्ष शाळा सुटल्यावर उघडा ठेवण्यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागले. ज्यांच्या घरी फोन फावल्या वेळी मिळत नाही त्यांना एआय वापरायची परवानगी देणं म्हणजे ती फक्त इतरांना देणं, हे मला त्या रात्री अकराच्या हिशेबाने नीट कळलं. कक्ष आता शनिवारी उघडा असतो. त्याच मुलाने नंतर दुतोंड्या मारुतीपाशी जाऊन फुलवाल्यांना विचारलं, कुठल्या साली कुठवर पाणी होतं. दोन माणसांनी दोन उत्तरं दिली. त्याने दोन्ही लिहिली. खाली लिहिलं, "कोण बरोबर ते ठरवता आलं नाही." या वेळी कच्च्या कामात भरपूर खाडाखोड होती.

गुणांची वाटणी अशी ठेवली होती: प्रकल्पाचे दहा, त्यातले चार कच्च्या कामाला, तीन तोंडीला, तीन मजकुराला. पालकसभेत एका गृहस्थांना हे पटेना. "मजकुराला तीनच? मग मुलं छान लिहायला शिकणार कधी?" प्रश्न रास्त आहे. छान लिहिणं हे मराठीच्या तासाला, वर्गात बसून, पेनाने, असं आम्ही ठरवलंय. तिथे एआयला मज्जाव. निबंधात विचार सुचणं आणि तो मांडणं हाच अभ्यास असतो, तोच दुसऱ्याकडून करून घेतला तर उरलं काय? मराठीच्या बाई याबाबत माझ्यापेक्षा कडक आहेत आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या प्रकल्पात मला हवी होती ती माहिती कुठून आली याची शहानिशा. म्हणून गुण तिकडे. दुसऱ्या एका पालकांचा प्रश्न सोपा होता. "नोकरीत हेच वापरायचंय तर शाळेत कशाला एवढी चौकशी?" त्यांना अमेरिकेतल्या दोन वकिलांची गोष्ट सांगितली. २०२३मध्ये त्यांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात चॅटजीपीटीने सुचवलेले निवाडे न पडताळता न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "म्हणजे तोंडी त्यांचीही झाली."

तोंडीबद्दल खरं सांगायचं तर तीच सगळ्यात महाग पडते. पैशाने नव्हे, वेळेने. पटावर मुलं भरपूर, मधली सुट्टी तेवढीच. डबा हातात घेऊन मी तोंडी घेतल्या आहेत. ज्या शिक्षकांकडे निवडणुकीची कामं, शालार्थ, पोषण आहाराच्या नोंदी असं सगळं गळ्यात आहे, त्यांना "सगळ्यांची तोंडी घ्या" असं सांगायची माझी छाती होत नाही. त्यांनी निदान कच्चं काम मागावं आणि त्यातल्या कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवून "ही कुठून आली?" विचारावं. तेवढ्यानेही बरंच उघड होतं. गटाने केलेल्या प्रकल्पात मी आता तेच करते, आणि उत्तर कुणी द्यायचं ते मी ठरवते.

पुढच्या सत्रासाठी २०२७च्या सिंहस्थाची तयारी हा विषय घेतलाय. घाटांची, रस्त्यांची कामं मुलांच्या दारातच चालू आहेत. नोंदीचा नमुना जरा सुटसुटीत केलाय. पडताळ्याचा रकाना आता रिकामा ठेवता येत नाही, पण त्यात "पडताळा झाला नाही, वाक्य काढलं" असं लिहिता येतं आणि त्यालाही पूर्ण गुण आहेत. विज्ञानाच्या सरांनी हाच नमुना प्रयोगवहीला लावायचं मनावर घेतलंय. त्यांनी परवा वर्गात विचारलं, "गेल्या वर्षीच्या ताईच्या वहीवरून उतरवलं, तर तेही कच्च्या कामात लिहायचं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही सर!" सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत "हो" लिहिलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.